उभ्याने राबणाऱ्यांच्या शिरा

आपल्या वऱ्हाडात 'नस' हा एकच शब्द चार कामे करतो. रात्री झोपेत पोटरीत गोळा आला की आपण म्हणतो, "माह्या पायाची नस चढली." कंबरेपासून टाचेपर्यंत कळ गेली की म्हणतो, "नस दबली." सलाईन लावताना सिस्टरला जागा मिळाली नाही की म्हणतो, "नस सापडून नाही राहिली." आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेलाही नाव दिले ते नसबंदी. यातली पहिली गोष्ट स्नायूची, दुसरी मज्जातंतूची, तिसरी रक्तवाहिनीची आणि चौथी वीर्य वाहून नेणाऱ्या नळीची. चार वस्तूंना एकच नाव पडले, म्हणून चारही दुखण्यांवर एकच उपाय होतो : तेल लावा आणि चोळा. यातील एका दुखण्यात चोळणे जिवावर बेतू शकते. यास्तव या आठवड्यात आम्ही फक्त तिसऱ्या नसेविषयी, म्हणजे शिरेविषयी लिहिणार आहोत.

हा विषय घेण्याचे दुसरे कारण आपल्या अकोटचे आहे. अकोट हे कापसाचे गाव. हंगाम सुरू झाला की जिनिंगमध्ये, बाजार समितीच्या आवारात, दुकानांच्या काउंटरमागे माणसे दिवसभर उभी असतात. हमाल उभा, मापारी उभा, हॉटेलातला पोऱ्या उभा, सलूनवाला उभा, इस्त्रीवाला उभा, कापड दुकानातली मुलगी उभी. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या आया-बहिणी पुन्हा ओट्यापुढे उभ्या. या माणसांच्या पोटऱ्या पाहा. अनेकांच्या पोटरीवर निळ्या-हिरव्या, दोरासारख्या वळलेल्या गाठी दिसतील. विचारले तर उत्तर मिळते, "कामाचे पाय आहेत, होतेच तसं." होतेच तसे, हे खरे नाही. ते का होते आणि कसे टाळता येते, हे समजून घेऊ.

जाणारे रक्त आणि येणारे रक्त

शाळेच्या जुन्या पुस्तकांत रोहिणी आणि नीला असे शब्द होते. आता धमनी आणि शिरा म्हणतात. हृदयापासून अवयवांकडे रक्त नेते ती धमनी. अवयवांकडून हृदयाकडे रक्त परत आणते ती शिरा. या दोन्हींच्या मध्ये केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांचे जाळे असते. तेथे रक्त आपल्याजवळचा प्राणवायू आणि अन्न पेशींना देते आणि टाकाऊ वायू घेऊन शिरेत शिरते.

धमनीची भिंत जाड असते, कारण हृदयाचा धक्का तिला सोसावा लागतो. मनगटावर बोट ठेवले की जी नाडी लागते ती धमनीची. डॉक्टर पट्टा बांधून १२० आणि ८० असे आकडे सांगतात, तो दाबही धमनीतला. शिरेची भिंत पातळ आणि मऊ असते. तिला नाडी लागत नाही. रक्त हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत पोहोचेपर्यंत त्याचा दाब जवळजवळ शून्यावर येतो.

शिरेतले रक्त निळे असते हा एक समज आहे. माणसाचे रक्त कोठेही निळे नसते. शिरेतले रक्त गडद लाल असते. कातडीतून उजेड ज्या प्रकारे आत जातो आणि परत येतो त्यामुळे शीर आपल्याला निळसर दिसते. रक्तदान शिबिरात सुई शिरेतच टोचतात. त्या पिशवीतला रंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. तो सगळ्यांचा सारखाच असतो, हेही आपण पाहिले आहे.

एका डॉक्टराने केलेला जमा-खर्च

रक्त फिरते ही गोष्ट आज पाचवीतले पोर सांगेल. पण चारशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या विद्वानांनाही ती ठाऊक नव्हती. रोमन साम्राज्यातला वैद्य गॅलन याने लिहून ठेवले होते की, अन्नापासून यकृतात सतत नवे रक्त तयार होते आणि शरीर ते वापरून संपवते. गॅलन मोठा माणूस होता, म्हणून सुमारे चौदाशे वर्षे ते कोणी तपासले नाही. जे पुस्तकात आहे ते खरे, असे सगळे धरून चालले.

इंग्लंडच्या विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टराने ते तपासले. त्याचे पुस्तक १६२८ साली निघाले. त्याची एक युक्ती तर निव्वळ जमा-खर्चाची होती, म्हणून आमच्यासारख्या कारकुनाला ती फार आवडते. हृदयाच्या एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात किती ठोके पडतात, याचा त्याने गुणाकार केला. आजचे आकडे घालून तोच हिशेब करू. विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७० ठोके धरले तर मिनिटाला जवळजवळ ५ लिटर झाले. तासाला ३०० लिटर, दिवसाला ७,२०० लिटर. ५ हजार लिटरचा पाण्याचा टँकर धरला तर रोज जवळजवळ दीड टँकर. एवढे रक्त रोज नवे तयार होण्याइतके अन्न कोण खातो? मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तच सुमारे ५ लिटर असते. याचा अर्थ उघड होता. गेलेले रक्तच परत येते. खर्ची पडलेली रक्कम त्याच दिवशी पुन्हा जमेला दिसते.

मग ते परत कोणत्या वाटेने येते? हार्वेचा शिक्षक फाब्रिशियस इटलीतल्या पादुआ येथे शिकवत असे. त्याने शिरांच्या आत असलेल्या बारीक पडद्यांची चित्रे १६०३ साली छापली होती. त्या पडद्यांचे खरे काम मात्र त्याला उमगले नव्हते. हार्वेने दंडाला पट्टी बांधून हाताच्या शिरा फुगवल्या आणि बोटाने शीर दाबून पाहिली. रक्त हृदयाच्या दिशेने सहज सरकत होते, उलट दिशेला मात्र एका गाठीपाशी येऊन अडत होते. पडदे म्हणजे एकाच बाजूने उघडणारी दारे होती.

हा प्रयोग वाचकांनी घरच्या घरी करावा. हात खाली सोडा, मनगटाजवळची एक ठळक शीर निवडा. एका बोटाने ती दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तेथून कोपराकडे रक्त पुसत न्या. दुसरे बोट उचला. पुढे पडदा असेल तर वरचे रक्त खाली येणार नाही, मधली शीर रिकामी राहील. आता पहिले बोट उचला. शीर खालून झटकन भरेल. मुलांना हे दाखवा. कोणी सांगितले म्हणून मानू नये, करून पाहावे, ही सवय अशा लहान गोष्टींतून लागते.

फुटबॉल आणि पोटरी

आता अडचण पाहा. माणूस उभा असतो तेव्हा त्याचे पाऊल हृदयापासून चार फूट खाली असते. हृदयाने मारलेला धक्का केशवाहिन्यांपर्यंत येता येता संपलेला असतो. मग हे रक्त चार फूट वर चढते कसे?

ज्यांच्या विहिरीवर मोटार आहे त्यांना हे लवकर समजेल. विहिरीत सोडलेल्या पाइपच्या तळाला एक झडप असते. तिचे नाव फूटव्हॉल्व्ह, पण आपल्याकडे तिला फुटबॉलच म्हणतात. मोटार पाणी ओढते तेव्हा ती उघडते आणि मोटार थांबली की मिटते, म्हणून पाइपमधले पाणी पुन्हा विहिरीत पडत नाही. पायाच्या शिरेत असे फुटबॉल एकच नाही, तर ठिकठिकाणी बसवलेले असतात. चढलेले रक्त प्रत्येक टप्प्यावर अडवून धरले जाते.

पण झडप पाणी चढवत नाही, ती फक्त चढलेले पाणी राखते. चढवायला मोटार लागते. ती मोटार म्हणजे आपली पोटरी. पायातल्या मोठ्या शिरा पोटरीच्या स्नायूंमध्ये दडलेल्या आहेत. आपण पाऊल टाकले की स्नायू आवळतो, शीर दाबली जाते आणि रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल पडला की खालून आणि बाजूच्या लहान शिरांतून नवे रक्त आत येते. म्हणून डॉक्टर पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. तिसरी मदत श्वासाची. आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होतो आणि पोटातले रक्त छातीकडे ओढले जाते.

आता आकडे पाहा. माणूस हालचाल न करता नुसता उभा राहिला तर पावलाच्या शिरेतला दाब सुमारे ९० पर्यंत चढतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांत तो ३० च्या खाली उतरतो. सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आली. चालणारा पाय थकतो, पण त्याच्या शिरा मोकळ्या राहतात. एका जागी उभा राहिलेला पाय बाहेरून काहीच करत नाही असे दिसते, पण त्याच्या शिरेतील प्रत्येक झडप तासन् तास ओझे धरून असते. म्हणूनच शेतात दिवसभर फिरून कापूस वेचणाऱ्या बाईपेक्षा काउंटरमागे एका फरशीवर उभ्या असलेल्या मुलीच्या शिरांना धोका अधिक असतो.

शिरा म्हणजे शिल्लक खाते

शिरा केवळ परतीची वाट नव्हेत. विश्रांतीच्या वेळी आपल्या एकूण रक्तापैकी जवळजवळ दोन तृतीयांश रक्त शिरांमध्येच असते. धमन्यांच्या बारीक फांद्या नळाच्या तोट्यांसारख्या असतात. कोणत्या अवयवाला किती रक्त सोडायचे ते त्या ठरवतात. शिरा या टाकीसारख्या असतात. त्या सैल पडल्या की अधिक रक्त साठवतात, आवळल्या की साठा हृदयाकडे पाठवतात. धमनी हे चालू खाते धरले तर शिरा हे बचत खाते होय.

आपण खाटेवरून उठून उभे राहतो तेव्हा सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. मानेतल्या मोठ्या धमनीजवळ दाब ओळखणारे तंतू असतात. ते लगेच मेंदूला खबर देतात. मेंदूचा हुकूम सुटतो, शिरा आवळतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा टिकतो. हे सर्व काही क्षणांत होते. कधी हुकमाची अंमलबजावणी कमी पडते, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते. झेंडावंदनाला तासभर ताठ उभी केलेली पोरे कोसळतात ती याच कारणाने. त्या पोराला उठवून उभे करू नये. आडवे निजवून पाय थोडे वर धरावेत. रक्त आपोआप परत येते.

अकोल्या-अकोटच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, त्यात बरेच रक्त अडकते. घामाने अंगातले पाणीही कमी होते. बचत खाते दोन्हीकडून रिकामे होते. बांधकामावरचा माणूस अशा वेळी चक्कर येऊन पडला तर त्याला सावलीत निजवणे, अंग पाण्याने ओले करणे आणि शुद्धीवर असेल तरच मीठ-साखरेचे पाणी पाजणे हे पहिले काम. अंग तापलेले असून तो बरळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर लगेच १०८ ला फोन करावा.

या बचत खात्याची एक बाजू आया-बहिणींनी नीट लक्षात ठेवावी. रक्तदानात ३५० मिलिलिटर रक्त काढले तरी निरोगी माणूस चालत घरी जातो, कारण शिरा आवळून साठ्यातून भरपाई करतात. बाळंतपणात जास्त रक्तस्राव होऊ लागला तरीही शरीर सुरुवातीला हेच करते. बाई बोलते, चहा मागते. घरचे म्हणतात, "बरी आहे, सकाळी नेऊ." शिल्लक असेपर्यंत चेहऱ्यावर काही दिसत नाही. शिल्लक संपली की ती एकदम कोसळते. जी आधीच अंगात रक्त कमी असलेली आहे तिची शिल्लक तर मुळातच थोडी. म्हणून बाळंतिणीचे कपडे लागोपाठ भिजत असतील तर तिच्या बोलण्यावर जाऊ नये. रात्र असो, पाऊस असो, १०२ किंवा १०८ ला फोन करून तिला रुग्णालयात न्यावे.

झडपा निकामी होतात तेव्हा

वर्षानुवर्षे दाब पडून शीर रुंदावते. शीर रुंद झाली की झडपेची दोन पाने एकमेकांना टेकत नाहीत. वरचे रक्त खाली गळते, खालच्या झडपेवर दुप्पट ओझे येते, मग तीही निकामी होते. शीर फुगते, लांबते आणि वेडीवाकडी वळते. यालाच डॉक्टर व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. काही घराण्यांत झडपा जन्मतःच कमजोर असतात. बायकांना गरोदरपणात हा त्रास सुरू होतो, कारण तेव्हा अंगातले रक्त वाढते, शिरांच्या भिंती सैल पडतात आणि वाढलेला गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देतो. याच कारणाने शेवटच्या महिन्यांत डाव्या कुशीवर निजायला सांगतात. वाढलेले वजन आणि वाढते वय ही आणखी कारणे. पण कामकरी माणसाला लागू होणारे मोठे कारण म्हणजे तासन् तास एका जागी उभे राहणे.

सुरुवातीला संध्याकाळी पाय भरून येतात, घोट्याला सूज येते, सकाळी उतरते. पुढे खाज सुटते. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट आणि कडक होते. एखाद्या दिवशी खाटेचा पाय लागतो, नखाने ओरखडा निघतो आणि जखम होते. ती जखम भरत नाही. आमच्या पाहण्यात अशी एक ताई आहे. कापड दुकानात अकरा वर्षे उभी राहिली. घोट्यावरची जखम ती साडीच्या काठाखाली झाकायची, कारण मालकाला दिसली तर घरी बसवील ही भीती. कोणी इसब म्हटले, कोणी करणी म्हटले. अंगारा झाला, लिंबू झाले, चार प्रकारची मलमे झाली. दोन वर्षांनी सरकारी दवाखान्यातल्या सर्जनने तिची साडी घोट्यापर्यंत नाही, गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली आणि शिरा पाहिल्या. दुखणे जखमेचे नव्हते, वरच्या झडपांचे होते. दाबपट्टी आणि पाय उंच ठेवून विश्रांती, एवढ्यावर जखम भरत आली. शिरेची शस्त्रक्रिया नंतर झाली. यात कोणाची करणी असेल तर ती बसायला स्टूल न देणाऱ्याची.

तरुणांसाठी एक गोष्ट. आपली मुले सैन्याच्या भरतीसाठी पहाटे उठून धावतात. वैद्यकीय तपासणीत पायाच्या फुगलेल्या शिराही पाहतात आणि त्यावरून नापास करतात. तयारीला लागण्यापूर्वीच एकदा पाय डॉक्टरांना दाखवून घ्यावेत.

चोळू नये असे दुखणे

आरंभी म्हटले ते आता सांगतो. कधी कधी पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. बाळंतपणानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, पायाला प्लास्टर असताना किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हा धोका असतो. खूण अशी की, एकच पाय अचानक सुजतो, पोटरी दुखते, हाताला गरम लागते. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारण बहुधा दुसरे असते, तेही दाखवावेच. पण एकच पाय असा सुजला तर तो चोळू नका, मालिश करणारीला बोलावू नका. गुठळी सुटली तर ती शिरांच्या वाटेने हृदयात आणि तेथून फुप्फुसात जाऊन अडकते. अचानक दम लागतो, छातीत दुखते, माणूस दगावू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळेवर औषध मिळाले तर हे दुखणे आटोक्यात येते.

दारू आणि यकृताची शीर

सगळ्या शिरा थेट हृदयाकडे जात नाहीत. आतड्यांकडून आलेली एक मोठी शीर आधी यकृतात जाते. वर्षानुवर्षांच्या दारूने यकृत कडक झाले की या शिरेतले रक्त पुढे सरकत नाही. मग ते आडवाटा शोधते. अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या नाजूक शिरांतून वाहू लागते. त्या शिरा एवढ्या ओझ्यासाठी केलेल्या नसतात. त्या फुगतात आणि एखाद्या रात्री फुटतात. माणसाला रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौचास होते. आपल्या वस्त्यांतून असे मृत्यू कोणी पाहिले नाहीत? "रक्ताची उलटी झाली आणि गेला," एवढेच आपण म्हणतो. तो एका रात्रीत गेलेला नसतो. शीर वीस वर्षे भरत असते. यकृत पूर्ण कामातून जाण्यापूर्वी दारू सोडली तर बऱ्याच जणांचा जीव वाचतो, हे घरातल्यांनी त्याला मारून-ओरडून नव्हे, तर डॉक्टरकडे नेऊन समजवावे.

सलाईनची बाटली

शिरेचा विषय निघाला म्हणून खिशाचा विषयही सांगतो. आपल्याकडे डॉक्टरने सलाईन लावली नाही तर दवाखान्यात गेल्यासारखे वाटत नाही. त्या बाटलीत असते काय? अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजच्या अर्धा लिटरच्या नेहमीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. तिची ताकद जवळपास एका पोळीची. ज्याला उलटी थांबत नाही, जो बेशुद्ध आहे, ज्याचे रक्त किंवा पाणी फार गेले आहे त्याला सलाईन जीवदान देते, कारण शिरेतून दिलेले लगेच हृदयात पोहोचते. पण जो माणूस तोंडाने पिऊ शकतो त्याच्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा पुरतो. अशक्तपणा आला म्हणून मजुरी बुडवून बाटली लावणे हा तोट्याचा व्यवहार आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "साहेब, तोंडाने औषध चालेल का?"

उभ्याने काम करणाऱ्यांनी काय करावे

१) एका जागी खिळून उभे राहू नये. दर अर्ध्या तासाने टाचा वीस वेळा वर-खाली कराव्यात. पोटरीची मोटार चालू होते. गिऱ्हाईक पुढे असतानाही हे करता येते.

२) पायाजवळ वीट किंवा लहान पाट ठेवावा. एकदा हा पाय, एकदा तो पाय त्यावर टेकवावा.

३) घरी आल्यावर पंधरा मिनिटे आडवे पडून पाय भिंतीला लावून उंच ठेवावेत. रात्री खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा घालाव्यात. मात्र निजल्यावर दम लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. घरातल्या माणसांनी ती पंधरा मिनिटे आईला आणि सुनेला मिळू द्यावीत. चहा कोणीही करू शकतो.

४) दाबमोजे डॉक्टरांनी माप घेऊन सांगितल्यावरच घ्यावेत आणि सकाळी खाटेवरून उतरण्यापूर्वी घालावेत. विडी-तंबाखूमुळे किंवा मधुमेहामुळे धमन्या अरुंद झालेल्या असतील तर हे मोजे अपाय करतात.

५) फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर घाबरून पळू नये. आडवे पडावे, पाय उंच करावा आणि स्वच्छ फडक्याने नेमक्या जागी दहा-पंधरा मिनिटे दाबून धरावे. वर दोरी आवळू नये, त्याने शिरेतले रक्त अधिक वाहते. रक्त थांबले तरी दवाखान्यात जावे.

६) शीर कापून "खराब रक्त" काढणारे, तुंबडी आणि जळू लावणारे यांच्या नादी लागू नये. त्यांनी रक्त जाते, झडप दुरुस्त होत नाही.

अकोट येथे ग्रामीण रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी आणि उपचार निःशुल्क केले आहेत. तेथे सर्जनची गरज पडली तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात पाठवतात. शिरांची सोनोग्राफी करून कोणती झडप गळते ते कळते. त्यानुसार शस्त्रक्रिया, लेसर किंवा शिरेत औषध सोडणे असे उपाय आहेत. खासगी रुग्णालयाने मोठा आकडा सांगितला तर सही करण्यापूर्वी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून आपला उपचार योजनेत बसतो का ते विचारावे.

बसण्याचा हक्क

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. टाचा वर-खाली करणे हा आपला उपाय झाला. पण दहा तास उभे ठेवणारा कोणी दुसराच असतो.

१९३४ च्या कायद्याप्रमाणे हंगामी कारखान्यांत मजुराला आठवड्याला ६० तास आणि बारमाही कारखान्यांत ५४ तास राबवता येत असे. आपल्याकडचे जिनिंग-प्रेसिंग हंगामीतच मोडायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना १९४६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि हे तास हंगामी कारखान्यांत ५० वर, बारमाही कारखान्यांत ४८ वर आले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४४ ने सांगितले की, ज्या मजुरांना उभ्याने काम करावे लागते त्यांना मिळेल त्या उसंतीत बसता यावे म्हणून बसण्याची सोय केली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. तिच्यातही उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीचा उल्लेख ठेवला आहे.

दुकानांचे काय? केरळात कोळिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या 'पेनकूट्ट' या स्त्रियांच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला. कापड दुकानांत बायकांना दिवसभर बसू देत नसत, लघवीला जाण्याचीही पंचाईत असे. त्या बायका रस्त्यावर उतरल्या. २०१८ साली केरळ सरकारने वटहुकूम काढून दुकानांतही बसण्याची सोय सक्तीची केली. तमिळनाडूने २०२१ साली आपल्या कायद्यात तशीच तरतूद केली. या बायकांनी मोठे काही मागितले नव्हते. गिऱ्हाईक नसताना टेकायला एक स्टूल मागितले होते.

असे स्टूल अकोटच्या प्रत्येक दुकानात का नसावे? आमची सूचना अशी आहे. एकट्या मुलीने मालकापुढे बोलू नये, तिची नोकरी जाईल. एका रस्त्यावरच्या दुकानांतील सगळ्या कामकरी मुला-मुलींनी मिळून एक अर्ज लिहावा आणि तो व्यापारी मंडळाकडे द्यावा. अर्ज लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी लिहून द्यावा, आम्हीही लिहून देऊ. एका स्टुलाची किंमत मालकाच्या एका साडीच्या नफ्यातून निघेल. बसलेल्या माणसाने गिऱ्हाईक आल्यावर उठायचेच आहे. त्या उठण्या-बसण्यात पोटरी आवळेल, झडप उघडेल आणि पायातले रक्त आपल्या वाटेने वर जाईल.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही एक करू शकतो. दुकानात शिरताना ती मुलगी स्टुलावर बसलेली दिसली तर तिला आळशी समजू नये. तिने उठायची घाई केली तर म्हणावे, "बस बाई, आम्हाला घाई नाही."